नंतर आठवण करा

बास्तोवो पंपघर,
३ मार्च

ताई,

आता तुला माता एवगेनिया म्हणायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण जिने लहानपणी माझे कान पिरगळले तिला माता म्हणायला माझी जीभ वळत नाही, तेव्हा रागावू नकोस. मठातल्या मोठ्या आई तुझी पत्रं आधी वाचत असतील तर त्यांना माझा नमस्कार.

काम आहे म्हणून लिहितोय. काम नसतं तर लिहिलं नसतं, हेही तुला माहीत आहे.

पाणीखात्यात नोकरीला असताना तू आमच्या पंपघरासाठी कॉम्प्युटरवर एक पान करून दिलं होतंस. एका बाजूला तिसा नदी, दुसऱ्या बाजूला कालवा, मधे पंप आणि पाणी अडवायची खालची दारं. पंप चालू असला की हिरवा दिवा, बंद पडला की लाल. तू गेलीस मठात, पण तुझं पान अजून इथेच आहे आणि त्याच्यावरच आमचा सगळा गाडा चालतो. घोडं अडलंय ते ब्राउझरशी. तुझं पान फक्त त्या जुन्यापुराण्या ब्राउझरमध्ये उघडतं. नव्यात उघडायला जावं तर पांढरं फटक, काही म्हणजे काही दिसत नाही.

गेल्या शरद ऋतूत तेच झालं. ब्राउझर आपला आपणच अपडेट झाला. बाहेर धो धो पाऊस, आणि आत आम्ही पांढऱ्या पानाकडे बघत बसलेलो. पंप बंद पडलाय हे कळेपर्यंत खालच्या आळीतल्या तळघरांत पाणी शिरलं होतं. विधवा स्तामेनाबाईंची लोणच्याच्या बरण्यांची फळी तरंगत बाहेर आली. बाई मला रस्त्यात गाठून अजून शिव्या घालतात.

त्यानंतर कुठल्याशा पोराने जुना ब्राउझर परत घालून दिला आणि गेला. तेव्हापासून दर चार तासांनी पडद्यावर एक चौकट येते. ‘नवीन आवृत्ती तयार आहे. आत्ता अपडेट करा,’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘नंतर आठवण करा.’ ते बारीक अक्षर दाबायचं. नाही दाबलं तर थोडा वेळ वाट बघते आणि करूनच मोकळी होते. नेटची तार काढून टाक म्हणशील, तर खालची दारं त्याच तारेवरून बोलतात. आमचे ग्रुयिच साहेब म्हणाले, ‘रादिवोय, हा कॉम्प्युटर तुझ्या गळ्यात. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.’ दिवसपाळीचा लाझार तर खूश झाला. म्हणतो, मी पंपाचा माणूस, काचेचा नाही.

म्हणून मी इथेच झोपतो, इथेच खातो. गजर लावून उठतो, दाबतो, परत पडतो. कैद्याला निदान बाहेर फिरवून आणतात.

हेही चाललं असतं. पण बाबांचा फोन आला होता. या ग्युर्ग्येवदानला, संत जॉर्जच्या सणाला, ते घरचा संत माझ्या हाती देणार आहेत, म्हणजे यापुढे घरचा सण मी करायचा. वय झालं, म्हणाले, आता दिवा तू सांभाळ. सहा मेला मला वर याब्लानोवोला, बाबांपाशी असलंच पाहिजे. ताई, तू बनवलेल्या पानातून तूच मला सोडव.

तुझा,
रादिवोय

*

मठातून,
१४ मार्च

रादिवोय,

पत्र मोठ्या आईंनी वाचलं. बरण्यांपाशी त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. मग म्हणाल्या, भाऊ अडचणीत आहे, उपास चालू असला तरी उत्तर दे.

तुझं ते पान मी केलं तेव्हा ते दोन-चार वर्षं चालेल असं धरलं होतं. खात्याने त्याला म्हातारं केलं त्याला मी काय करू?

आता नीट वाच आणि लाझारला लांब बसव. तुला वाटतंय ब्राउझर स्वतः बदलतो. तसं नाही. त्याच्याबरोबर एक वेगळा छोटा प्रोग्राम येतो, त्याचं काम एकच, नवीन काय आलंय ते बघायचं आणि आणून बसवायचं. चौकट दाखवतो तोही तोच. तेव्हा भांडण ब्राउझरशी नाही, त्या चुगलखोराशी आहे.

कॉम्प्युटरच्या सेवांची यादी उघड. त्यात ब्राउझरचं नाव आणि पुढे ‘अपडेट’ असं लिहिलेल्या एक-दोन सेवा सापडतील. त्या थांबव, आणि सुरू होण्याच्या जागी ‘अक्षम’ निवड. नुसत्या थांबवल्यास तर कॉम्प्युटर परत चालू होताना त्याही डोळे चोळत उठतील. मग ठरलेल्या कामांची यादी बघ, तिथेही याच नावाची कामं लावून ठेवलेली असतात. तीही बंद. शेवटी ब्राउझरच्या फोल्डरमध्ये जाऊन त्या चुगलखोराचं नाव बदल, आणि त्याच्या मूळ नावाची एक रिकामी फाइल तिथे करून ठेव, जिच्यात कुणाला काही लिहिता येणार नाही अशी. म्हणजे तो परत यायला बघेल तर त्याच्या जागेवर दुसराच कुणी बसलेला.

एक गोष्ट कान उघडून ऐक. जुना ब्राउझर म्हणजे कुलूप नसलेलं दार. त्यावर माझं पान सोडून काहीही उघडायचं नाही. फुटबॉलचे निकाल नाहीत, हवामान नाही, काही नाही.

एवढं केलंस की चौकट येणार नाही. येऊच शकत नाही.

एवगेनिया

*

बास्तोवो पंपघर,
२८ मार्च

ताई,

तुझे पाय धरतो!

पहिल्यांदा भलत्याच गोष्टीचं नाव बदललं आणि प्रिंटर बंद पडला. लाझार म्हणाला, ‘झालं, आता पूर येणार.’ प्रिंटरने कधी पूर येतो का? पण तोंडचं पाणी पळालं होतं माझ्या. मग परत पहिल्यापासून तुझं पत्र मांडीवर घेऊन एकेक ओळ केली.

चौकट आली नाही. गजर झाला, उठलो, पडद्यासमोर उभा राहिलो, काही नाही. नुसता हिरवा दिवा. परत झोप लागेना, म्हणून बाहेर जाऊन बांधावर बसलो. कित्येक महिन्यांनी नदी बघितली, बघायची म्हणून.

ग्रुयिच साहेबांना सांगितलं. त्यांनी सुट्टीला हो म्हटलंय.

रादिवोय

*

मठातून,
४ एप्रिल

राद्या,

मग झालं तर. कुठल्या बसने जातोस? आदल्या दिवशी पोच, बाबांना एकट्याला कोकराचं ओझं उचलवणार नाही. गव्हाच्या खिरीत अक्रोड कमी पडू देऊ नकोस, ते दरवर्षी हात आखडतात.

माझा निरोप सांग त्यांना. किंवा नको, काही सांगू नकोस. मी इथे आल्यापासून त्यांनी माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाही, सणाच्या दिवशी कशाला त्यांचं तोंड कडू करायचं.

एवगेनिया

*

बास्तोवो पंपघर,
१७ एप्रिल

ताई,

ख्रिस्त उठला आहे! ईस्टरचं तुझ्या नावाचं लाल अंडं माझ्या अंड्यावर आपटलं, तुझंच फुटलं, तूच हरलीस.

वाईट बातमी आहे. ती चौकट परत आली. गेल्या बुधवारी मी खालच्या दाराचा गंज बघायला गेलो होतो. तिथे जरा वेळ लागला. परत येऊन बघतो तर काय, ब्राउझर अपडेट होऊन बसलेला! चौकटीने माझी वाट बघितली असणार आणि मग स्वतःच केलं असणार. नशीब म्हणायचं की पंप व्यवस्थित चालू होता, आल्या आल्या पानावर हिरवा दिवा दिसला, नाहीतर माझी खैर नव्हती.

तू सांगितलेलं सगळं केलं होतं, पण हे प्रकरण फार चिवट आहे. तेव्हा सहा मेचं अवघड दिसतंय. पुन्हा गजर लावून झोपतो. बाबांना कळवायला हवं, पण फोन हातात घेतला की धीर होत नाही. पुढच्या वर्षी बघू. तू माझ्यासाठी प्रार्थना कर.

रादिवोय

*

मठातून,
२३ एप्रिल

रादिवोय,

खरोखर उठला आहे.

तुझं पत्र जेवणघरात वाचलं, मग बागेत जाऊन वाचलं. मोठ्या आईंनी विचारलं, काय झालं, चेहरा का असा? मी म्हटलं, माझा भाऊ मला मूर्ख समजतो.

अपडेट झालेल्या ब्राउझरमध्ये तुला हिरवा दिवा दिसला म्हणतोस. राद्या, ते पान मी बनवलंय! नव्या ब्राउझरमध्ये त्यातला एक ठिपका दिसत नाही. तूच तर लिहिलं होतंस, पांढरं फटक. हिरवा दिवा दिसला म्हणजे ब्राउझर जुनाच आहे. ब्राउझर जुना आहे म्हणजे अपडेट झालं नाही. आणि चौकट कुठून येणार? ती दाखवणाऱ्याला तर तू स्वतःच्या हाताने बंद करून ठेवलंयस.

तुझी सुटका मार्चमध्येच झाली. दार उघडं आहे आणि तू आत बसून, मला कोंडलंय म्हणून ओरडतोयस.

मी रागावलेय, लपवत नाही. पण त्याहून जास्त मला कळत नाहीये. लहानपणी ग्युर्ग्येवदानला पहाटे उठून अंगणात नाचणारा तू. काय झालंय? खोटं लिहायचं असेल तर लिहूच नकोस.

एवगेनिया

*

बास्तोवो पंपघर,
२८ एप्रिल

ताई,

पकडलंस.

चौकट आली नाही. एकदाही नाही. गजर मात्र मी अजून लावतो. उठतो, बघतो, काही नाही, परत झोपतो. लाझारला वाटतं मला वेड लागलंय.

सांगतो. त्या दिवशी बांधावर बसलो ना, तेव्हा डोक्यात आलं. आपल्या घरात हा दिवा पणजोबांकडून आजोबांकडे आला, आजोबांकडून बाबांकडे. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी उभं होतं हात पुढे करून. माझ्या मागे कोण आहे? स्नेजाना संसार सोडून गेली तिला आता जमाना झाला. मूल नाही. बावन्नाव्या वर्षी काय होणार आहे? दिव्याबरोबर सणाचा पाव बाबांच्या हातातून माझ्या हातात आला की पुढे कुणीच नाही. तो माझ्यापाशी संपणार. सगळ्या पाहुण्यांसमोर, पाद्र्यासमोर, मी हात पुढे करायचा आणि सगळ्यांना ते दिसणार.

आणि आजोबांनी बाबांना दिला त्याच वर्षी पानगळीत ते गेले. आठवतं ना? आता बाबांनाही हातातलं काम संपल्यासारखं झालं तर? मी नाही घेतला तर त्यांना सोडता येणार नाही. मग जगतील.

मूर्खपणा आहे, मला कळतं. पण ती चौकट होती तेव्हा बरं होतं ग. कुणी विचारलं की सांगता येत होतं, काय करू, हलता येत नाही. तू ती काढून टाकलीस आणि मला उघडं पाडलंस.

मी जाणार नाही. बाबांना फोन करून सांगितलं, नदी चढतेय, जागा सोडता येत नाही. ते ‘बरं’ म्हणाले. एवढंच. ‘बरं.’

रादिवोय

*

मठातून,
९ मे

राद्या,

मी जाऊन आले.

मोठ्या आईंना तुझं पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, तू इथे कशाला उभी आहेस, बस पकड. स्लाव्याला, घरच्या संताच्या सणाला, कुणी आमंत्रण देत नाही, ज्याला यायचं तो येतो. मग तूही जा, फार तर दार लावून घेतील.

दार उघडंच होतं. शेजारीपाजारी, मामाकडचे, खालच्या वस्तीतला तो बहिरा योकसिम, सगळे टेबलाशी बसलेले. माझे काळे कपडे बघून सगळ्यांनी हातातले चमचे खाली ठेवले. बाबा सार्माचं, कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं, पातेलं घेऊन उभे होते. किती वाळलेत रे! मी भिंतीकडेच्या बाकावर टेकायला गेले. बाबा म्हणाले, ‘बसायचं नाही. आज घरातले लोक बसत नाहीत.’ आणि पातेलं माझ्या हातात दिलं.

पंधरा वर्षांनी पहिलं वाक्य. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, मग डोळे पुसून सार्मा वाढला.

पाव फिरवायची वेळ झाली. एका बाजूने पाद्री, दुसऱ्या बाजूने बाबा, आणि बाबांशेजारी तुझी जागा. ती रिकामी. मी पुढे झाले आणि पाव धरला. मठातल्या बाईला तो धरता येतो की नाही, देव जाणे. पाद्र्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाव फिरवला.

मग सगळ्यांसमोर बाबांनी मला विचारलं, ‘नदी चढलीय का ग?’

राद्या, मी खोटं बोलले. या कपड्यांत उभी राहून, पेटलेल्या मेणबत्तीसमोर. ‘हो बाबा,’ म्हटलं, ‘फार चढलीय. त्याला जागचं हलता येत नाही.’

बाबांनी ग्लास उचलला. म्हणाले, ‘माझा मुलगा आज लोकांच्या घरात पाणी शिरू नये म्हणून बसलाय. त्याच्या नावाने.’ सगळे उभे राहिले आणि तुझ्या नावाने प्याले. योकसिमला ऐकू आलं नव्हतं, त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

माझ्या पापाचं मी बघेन, कबुली द्यायला जातेच आहे. तुझं तू बघ. बाबांनी पावाचा अर्धा भाग फडक्यात बांधून संताच्या तसबिरीखाली ठेवलाय. कुणी हात लावायला गेलं की म्हणतात, तो त्याचा आहे.

पाव वाळत चाललाय. जा.

ताई

*

याब्लानोवो,
१६ मे

ताई,

बाबांच्या टेबलावर बसून लिहितोय. लाझारला पडद्यासमोर बसवून आलो. ग्रुयिच साहेबांचे फोन येताहेत, उचलत नाही. लाझारला सांगितलंय, हिरवा दिवा दिसतोय तोवर श्वास घे, लाल झाला की पळ.

घरात शिरलो तर बाबा बटाटे सोलत होते. मी कोट न काढताच बोलून टाकलं. ‘बाबा, नदी चढली नव्हती.’

ते म्हणाले, ‘माहीत आहे.’

‘कसं?’

‘रेडिओ आहे ना घरात. रोज सगळ्या नद्यांचं पाणी वाचून दाखवतात. डॅन्यूब एवढी, साव्हा एवढी. तिसा आठवडाभर उतरत होती. त्या दिवशी सकाळीही उतरतच होती.’

आपल्याला कसं सुचलं नाही ग ते? तुझ्या मठात रेडिओ नाही, ठीक आहे. माझं तर पोट नदीच्या पाण्यावर चालतं, आणि बाबा जेवायच्या वेळी काय ऐकतात ते मी विसरलो. म्हणजे मी फोनवर थापा मारल्या तेव्हाही त्यांना कळलं होतं, आणि तू बोललीस तेव्हाही. मी विचारलं, मग तिला सगळ्यांसमोर विचारलंत कशाला?

‘मला बघायचं होतं, ती घरातली राहिलीय का अजून,’ ते म्हणाले. ‘परक्या बाईने खरं सांगितलं असतं.’

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं बाजूला. मी खाली बसलो आणि तुला लिहिलं होतं ते सगळं त्यांना सांगितलं. मूल नाही, माझ्यापाशी संपणार, तुम्ही आजोबांसारखे जाल. सांगताना रडलो, बावन्न वर्षांचा घोडा मी.

बाबा बटाटा सोलत राहिले. सालाची पट्टी तुटू न देता पुरी काढली. मग म्हणाले, ‘रादिवोय, तुला काय वाटतं, मला हिशेब येत नाही? स्नेजाना गेली त्या दिवशीच मला कळलं होतं. त्यानंतर एवढी वर्षं मी विचार करायला घेतलीत. चुलतभावाच्या मुलाला देता आलं असतं. त्याला तीन पोरगे आहेत.’

मी म्हटलं, ‘मग?’

‘मग काय मग. मला तुला द्यायचा होता.’

त्यांनी फडकं सोडलं. पाव दगड झाला होता. हाताने तुटेना, शेवटी त्यांनी कुऱ्हाडीचा दांडा घेतला. दोघांनी दुधात भिजवून खाल्ला. मी हात पुढे केला तेव्हा कुणी बघत नव्हतं, पाद्री नाही, कुणी नाही. बघत असते तरी चाललं असतं, असं आता वाटतंय.

उद्या परत जातो, तो कॉम्प्युटर काही मला सोडत नाही. निघायची पिशवी भरत होतो तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, पाहुण्यांना सांगून टाकलंय, पुढच्या वर्षीपासून स्लावा तुझ्याकडे, पंपघरावर. योकसिमलासुद्धा नीट ओरडून सांगितलंय.

‘तिथे खुर्च्या किती आहेत?’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘एक.’

‘मग वर्षभर आहे तुझ्यापाशी,’ ते म्हणाले. ‘जमव.’

रादिवोय